झेप की भरवसा? ड्राफ्टमध्ये तरुण डिफेन्समन निवडताना

कॅलगरीत राहणाऱ्या एका मराठी आइस हॉकीप्रेमींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एनएचएल ही उत्तर अमेरिकेची सर्वोच्च व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी तरुण खेळाडू आळीपाळीने निवडण्याचा कार्यक्रम. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये कॅलगरी फ्लेम्सने नवव्या क्रमांकावर झेन पारेखला घेतलं आणि लगेच दहाव्यावर न्यू जर्सी डेव्हिल्सने अँटन सिलायेव्हला. दोघेही डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, दोघेही अठरा वर्षांचे. पारेखने त्या मोसमात ओएचएल या ज्युनिअर लीगमध्ये सॅगिनॉकडून ३३ गोल आणि एकूण ९६ गुण (स्वतःचे गोल अधिक इतरांच्या गोलांना केलेली मदत) केले होते, पण स्वतःच्या गोलसमोर तो ढिला पडतो असं सगळीकडे बोललं जात होतं. सिलायेव्ह ६ फूट ७ इंच उंच, रशियाच्या केएचएल या व्यावसायिक लीगमध्ये तोर्पेदो संघाकडून मुरलेल्या खेळाडूंविरुद्ध ६३ सामने खेळलेला. गुण मात्र ११. ‘पहिल्या फेरीची निवड वर्षातून एकदाच हाती येते, ती जुगारावर का लावायची? डिफेन्समनने आधी बचाव करायला नको का?’ असं त्यांचं म्हणणं.

मी ऑन्टॅरिओत ज्युनिअर हॉकीचं स्काउटिंग करतो, म्हणजे होतकरू खेळाडू हेरतो. हा वाद आमच्याकडे दर वर्षी होतो आणि दर वर्षी आवाज चढतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या दहा-पंधरा निवडींत झेप घेऊ शकणारा, म्हणजे आज कच्चा असला तरी पुढे फार वर जाऊ शकणारा मुलगाच घ्यावा. मात्र झेप कशाला म्हणायचं याबाबत फार कडक असावं. आणि सतरा-अठराव्या वर्षी आपण ज्याला भरवसा म्हणतो तो बहुतेक वेळा नुसता दिसण्यापुरता असतो, हे धरून चालावं.

ड्राफ्ट माहीत नसणाऱ्यांसाठी दोन ओळी. ३२ संघ, सात फेऱ्या, एकूण २२४ निवडी. आदल्या मोसमात खाली राहिलेले संघ आधी निवडतात. अगदी वरचा क्रम लॉटरीने ठरतो. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा पूर्ण होतात तो निवडीला पात्र. म्हणजे पुढची पंधरा वर्षं संघाची बचावफळी सांभाळणारा माणूस आपण बारावीच्या वयाच्या पोरांतून शोधत असतो.

आता भरवशाकडे येऊ. सतरा वर्षांचा ‘भरवशाचा’ डिफेन्समन कसा दिसतो? उंचपुरा असतो. हात लांब, त्यामुळे स्टिक दूरवर पोचते. पक, म्हणजे बर्फावरची रबरी चकती, मिळाला की घाई करत नाही. काचेवर आपटून बाहेर काढतो किंवा जवळच्या फॉरवर्डला साधा पास देतो. चुका कमी, म्हणून प्रशिक्षक शेवटच्या मिनिटाला त्यालाच बर्फावर पाठवतात. अहवालात मग ‘परिपक्व’, ‘शांत’, ‘एनएचएलमध्ये नक्की खेळेल’ असे शब्द येतात. अडचण अशी की यातली निम्मी शांतता समोरच्या मुलांनी दिलेली असते. ज्युनिअर लीगमध्ये फोरचेकर, म्हणजे पक हिसकावायला धावून येणारा समोरचा खेळाडू, पोचायला वेळ लावतो. तेवढ्या वेळात उंच मुलगा पक उचलतो, मान वर करतो, पास देतो. एनएचएलमध्ये तोच फोरचेकर अर्धा सेकंद आधी येतो, आणि त्याच्या मागून दुसरा येतो. मुलगा तोच, उंची तीच, पण शांत राहायला जागाच उरलेली नसते.

२०१२ चा ड्राफ्ट याचा सगळ्यात मोठा धडा आहे. पहिल्या दहा निवडींपैकी आठ डिफेन्समन होते, इतकी त्या वर्षी बचावपटूंची हवा होती. कोलंबसने दुसऱ्या क्रमांकावर रायन मरे घेतला, न्यूयॉर्क आयलंडर्सने चौथ्यावर ग्रिफिन राइनहार्ट, टोरंटोने पाचव्यावर मॉर्गन रायली, अनाहाइमने सहाव्यावर हॅम्पस लिंडहोम, मिनेसोटाने सातव्यावर मॅट डंबा, पिट्सबर्गने आठव्यावर डेरिक पुलियो, विनिपेगने नवव्यावर जेकब ट्रुबा आणि टँपाने दहाव्यावर स्लेटर कोकोक. यातला राइनहार्ट म्हणजे भरवशाचं चित्रच. ६ फूट ४ इंच, एडमंटन ऑइल किंग्ज या ज्युनिअर संघाचा कणा. पुढे २०१४ मध्ये त्या संघाने ज्युनिअर विजेतेपदाचा मेमोरियल कपही जिंकला. ज्युनिअरमध्ये तो कुणाला गोलसमोर फिरकू देत नसे. पण त्याच्या एनएचएल कारकिर्दीत एकूण ३७ सामने आले. पाय वळायला वेळ लागायचा आणि पकबरोबरचा निर्णयही त्याच गतीने व्हायचा. ज्युनिअरमध्ये ते खपून गेलं.

त्याचा पुढचा किस्सा तर संघांच्या कार्यालयात फ्रेम करून लावावा असा आहे. २०१५ च्या ड्राफ्टच्या दिवशी एडमंटन ऑइलर्सने याच राइनहार्टसाठी आयलंडर्सना १६ वी आणि ३३ वी निवड दिली. आयलंडर्सनी १६ व्या निवडीवर मॅथ्यू बार्झल घेतला आणि २०१८ मध्ये तो सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन गेला. म्हणजे तीन वर्षं डोळ्यांसमोर खेळ असूनही ‘हा तरी नक्की लागेल’ या समजुतीची किंमत दोनदा मोजली गेली, एकदा निवडताना आणि एकदा विकत घेताना.

रायन मरेवर मात्र मी बोट ठेवणार नाही. ड्राफ्टच्या आधीच तो कॅनडाच्या वरिष्ठ संघातून जागतिक स्पर्धा खेळला होता आणि त्याचं खेळाचं वाचन खरंच उत्तम होतं. त्याला दुखापतींनी छळलं. पण त्यातूनही एक गोष्ट दिसते. भरवशाचा म्हणून घेतलेला मुलगाही घोटा आणि खांद्याच्या बाबतीत इतरांइतकाच बेभरवशाचा असतो. जोखीम नाहीशी होत नाही. फक्त अहवालात तिला वेगळा रकाना नसल्याने ती दिसत नाही.

आणि रायली? ड्राफ्टच्या वर्षी त्याचा गुडघा गेला, नेहमीच्या मोसमात मूस जॉक या ज्युनिअर संघाकडून त्याला जेमतेम १८ सामने मिळाले. सावध माणसाने त्याला खाली ढकललं असतं. टोरंटोने पाहिलं ते एवढंच की पक घेऊन मधल्या झोनमधून (रिंकचे तीन झोन असतात, आपला, मधला आणि समोरच्याचा) सुटताना त्याच्यामागे कुणी लागत नाही. २०१८-१९ मध्ये त्याने ७२ गुण केले आणि दशकाहून अधिक काळ तो त्या संघाचा आधार राहिला. त्याचा बचाव कधीच आदर्श नव्हता, हेही खरं. तरी त्या आठ जणांत पुन्हा निवड करायची झाली तर त्याचं नाव वरच्या दोन-तिनांत येईलच.

तेव्हा बघायचं काय? मी एक प्रसंग सगळ्यात जास्त बघतो. पक आपल्या झोनच्या कोपऱ्यात टाकला गेलाय, आपला डिफेन्समन मागे वळून तो आणायला निघालाय आणि पाठीवर फोरचेकर येतोय. टीव्हीवर हे तीन सेकंदांत संपतं, कॅमेरा पुढे निघून जातो, म्हणून माणसाने रिंकवर जाऊन बघावं. पहिली गोष्ट, पकपाशी पोचण्याआधी मुलाने खांद्यावरून मागे बघितलं का, आणि किती वेळा? एकदा बघणारे खूप असतात. पक उचलायच्या क्षणाआधी दुसऱ्यांदा बघणारा मुलगा मी वहीत नोंदवतो, कारण पहिल्या आणि दुसऱ्या नजरेच्या मधे फोरचेकरने बाजू बदललेली असते. दुसरी गोष्ट, वेग. तो पकपाशी येताना थांबतो की वळणातून वेग तसाच घेऊन बाहेर पडतो? तिसरी, कंबर. ब्लेडच्या आतल्या कडेवर राहून कंबर उघडली की त्याला दोन रस्ते मिळतात, बोर्डाकडे आणि मधे. कंबर बंद राहिली की एकच रस्ता, आणि तो समोरच्याला आधीच माहीत असतो. चौथी गोष्ट म्हणजे एक फसवणूक, खांद्याची किंवा नजरेची. फोरचेकरला एक पाऊल चुकीच्या बाजूला टाकायला लावलं की झालं. शेवटी पास कुठे गेला? भिंतीवर, की मधल्या फॉरवर्डच्या स्टिकवर, तो वेगात असताना?

हे सगळं करून बाहेर पडणारा मुलगा संघाला बचावच देत असतो. आपल्या झोनमध्ये आपण अडकलोच नाही तर गोलसमोर कुस्ती करायची वेळ येत नाही. प्रश्नकर्ते म्हणतात तसं डिफेन्समनचं पहिलं काम बचाव हे मला पूर्ण मान्य आहे. त्यातला सगळ्यात मोठा वाटा पक लवकर बाहेर काढण्याचा आहे, आणि आजच्या एनएचएलमध्ये तो पायांनी व डोक्याने होतो, देहयष्टीने फारसा नाही, एवढंच मला त्यात घालायचं आहे.

आता पैशांची बाजू, कारण ती विसरून हा वाद नुसता आवडीनिवडीचा होतो. डिफेन्समन दोघादोघांच्या जोड्यांत खेळतात. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या जोडीतला, साधा, विश्वासू डिफेन्समन बाजारात मिळतो. दर जुलैला, करार संपलेले खेळाडू मोकळे झाले की मिळतो. २०२५-२६ मध्ये एनएचएलचं किमान वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर होतं, आणि त्याच्या थोडं वर दिलं की असा माणूस येतो. संघाची वेतनमर्यादा त्याच वर्षी ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. पण मिनिटं खाणारा, पक घेऊन खेळ उलटवणारा पहिल्या जोडीचा माणूस बाजारात क्वचित येतो, आणि आला तरी तिशीजवळ आलेला असतो. केल मकारला कोलोरॅडोने २०२१ मध्ये सहा वर्षांसाठी दर वर्षी ९० लाखांवर बांधला, तेही तो त्यांचाच होता म्हणून. बाजारातून असा करार उभा राहत नाही. जे विकत मिळतं त्याच्यावर वरची निवड खर्च करणं मला पटत नाही.

याला जोडूनच एक बाब आहे, तिच्यावर फार कमी बोललं जातं. भरवशाच्या डिफेन्समनची चांगली वर्षं कुणाला मिळतात? २००८ मध्ये टोरंटोने पाचव्या क्रमांकावर लूक शेन घेतला. कुणी त्याला फसलेली निवड म्हणू नये. त्याने एनएचएलचे हजाराहून जास्त सामने खेळले आणि टँपाबरोबर २०२० व २०२१ असे दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले. पण टोरंटोला काय मिळालं? अठराव्या वर्षीच थेट एनएचएलमध्ये उतरवल्यामुळे त्याची शिकण्याची, धडपडण्याची वर्षं टोरंटोच्या वाट्याला आली, आणि २०१२ मध्ये त्यांनी त्याला फिलाडेल्फियाला दिलं. मुरलेला, स्वस्त, नेमकं काम करणारा शेन इतर संघांनी वापरला. सरळसाध्या बचावपटूचं असंच होतं. तो चोवीस-पंचविसाव्या वर्षी उमगतो, तोवर पहिल्या संघाचा धीर संपलेला असतो.

त्याच २००८ च्या ड्राफ्टमध्ये ओटावाने १८ व्या क्रमांकावरून १५ वर सरकून एरिक कार्लसन घेतला. स्वीडनच्या फ्रोलुंडा क्लबचा किडकिडीत पोरगा. अंगावर मांस नाही, बचावात भोकं. त्याला पुढे सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी तीनदा मिळाली, २०१२, २०१५ आणि २०२३ मध्ये. २०२३ ची तर १०१ गुणांच्या मोसमासाठी. नॅशव्हिलने ३८ व्या क्रमांकावर घेतलेल्या रोमन योसीने २०२० ची नॉरिस नेली. नॉरिसच्या यादीवरून नजर फिरवली तर आणखीही दिसतं. निकलस लिडस्ट्रॉम १९८९ मध्ये ५३ वा निवडला गेला होता आणि त्याने ही ट्रॉफी सात वेळा जिंकली. डंकन कीथ ५४ वा, पी. के. सबान ४३ वा, अॅडम फॉक्स ६६ वा. मार्क जॉर्डानोला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. यावरून काहीजण म्हणतात की डिफेन्समनला वर घेऊच नये, खाली मिळतात. मी उलटा अर्थ काढतो. या नावांतले बरेचजण खाली घसरले ते लहान, बारीक, अपुरे दिसले म्हणून, आणि त्यांच्या वर ‘भरवशाचे’ गेले. ड्राफ्टमध्ये चूक सतत एकाच दिशेने होत असेल तर पैज विरुद्ध बाजूला लावावी.

इथे मला स्वतःच्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. झेप म्हणजे गुण नव्हेत. ज्युनिअरमध्ये पहिल्या पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना संघाची पहिली पाचजणांची फळी) वर उभं राहून, दोन उत्तम फॉरवर्डना पास देत साठ-सत्तर गुण करणारे डिफेन्समन दर वर्षी निघतात. ते पाटा खेळपट्टीवरच्या धावांसारखे. पुलियो पोर्टलँडमध्ये असाच झळकला. हात सुंदर, पास सुंदर. पण पाच विरुद्ध पाचमध्ये, पाठीवर माणूस असताना, त्याच्याकडे निसटायचा रस्ता नव्हता, आणि एनएचएलमध्ये पहिला पॉवर प्ले त्याला कुणी देणार नव्हतं, कारण पिट्सबर्गमध्ये त्या जागी आधीच क्रिस लेटँग उभा होता. म्हणून गुण बघताना आधी पॉवर प्लेचे वेगळे काढावेत. उरलेल्यांत त्याने स्वतः पक आणून सुरुवात केलेले किती, ते व्हिडिओवर मोजावेत. ज्याची झेप या चाळणीतून उरत नाही तो मुलगा भरवशाचाही नाही आणि झेपेचाही नाही. त्याला पहिल्या फेरीत मी हात लावणार नाही.

लीगही बघावी लागते. मकार ज्या ब्रूक्स बँडिट्सकडून खेळायचा ती अल्बर्टाची ज्युनिअर ‘ए’ लीग, म्हणजे ओएचएल-डब्ल्यूएचएल या वरच्या ज्युनिअर लीगच्या एक पायरी खाली. तिथले गुण मोजून कुणाला काही कळलं नसतं. २०१६-१७ मध्ये कोलोरॅडो गुणतक्त्यात ४८ गुणांसह लीगमध्ये तळाला होता, शिवाय लॉटरीत घसरून निवडीच्या चौथ्या क्रमांकावर आला. इतकं वाईट वर्ष भोगलेल्या व्यवस्थापनाने ‘निदान काहीतरी खात्रीचं घेऊ’ म्हटलं असतं तर त्यांना कुणी दोष दिला नसता. त्यांनी मकार घेतला, त्याला घाई न करता मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं खेळू दिलं, आणि २०२२ मध्ये स्टॅन्ली कप, नॉरिस आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मिथ, हे सगळं एकाच वर्षात आलं.

फॉक्समुळे मात्र माझ्या निकषाला एक मुरड घालावी लागते. त्याचे पाय मकारसारखे कधीच नव्हते. लहान चणीचा आणि वेगातही साधारणच. म्हणून २०१६ मध्ये कॅलगरीला तो तिसऱ्या फेरीत मिळाला. पण पकपाशी पोचण्याआधी त्याचं उत्तर ठरलेलं असे. फोरचेकर येईपर्यंत पक दुसऱ्याच्या स्टिकवर. २०२१ ची नॉरिस त्याने न्यूयॉर्क रेंजर्सकडून जिंकली. दबावातून सुटका पायांनी होवो की डोक्याने, ती झाली पाहिजे. दोन्ही नसताना नुसत्या उंचीवर किंवा नुसत्या शॉटवर विसंबू नये.

कोणत्या उणिवा चालवून घ्यायच्या, यावर माझा हिशेब असा. ताकद येते, अठरा ते बावीसमध्ये जवळजवळ सगळ्यांना येते. गोलसमोर कुणाला धरायचं, स्टिक कुठे ठेवायची, बदली कधी करायची हे शिकवता येतं. चांगला सहायक प्रशिक्षक दोन मोसमांत शिकवतो. मागे पळत जाताना समोरच्यापासून किती अंतर ठेवायचं, हेही बऱ्यापैकी शिकवता येतं. पायांची मूळ चपळाई, म्हणजे उभ्या जागेवरून पहिली तीन पावलं, थोडीच सुधारते. आणि दबावाखाली पक आला की मुलगा त्याच्याकडे संकट म्हणून बघतो की संधी म्हणून, हे सतराव्या वर्षानंतर बदललेलं मी फारसं पाहिलेलं नाही. पारेखवरचे बहुतेक आक्षेप पहिल्या प्रकारचे होते. राइनहार्टमधल्या उणिवा दुसऱ्या प्रकारच्या होत्या, पण त्यांची यादी कुणी केली नव्हती.

खरा भरवसा अस्तित्वातच नाही असं मात्र मी म्हणत नाही. तो असतो, आणि त्याची मुळंही त्याच पायांत नि डोक्यात असतात. लिंडहोम स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीत रोग्लेकडून खेळत होता. सहाव्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारल्यावर पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. शांत खेळ, पण शांतता पायांतून आलेली. त्याच २०१२ मध्ये जेकब स्लेव्हिन कॅरोलायनाला १२० व्या क्रमांकावर मिळाला. गुण नाहीत, धडका नाहीत, अहवालात लिहायला काही नाही. तो समोरच्याला इतक्या अचूक कोनातून बाहेर ढकलतो आणि स्टिकने पक इतक्या अलगद काढतो की त्याला पेनल्टी घ्यावीच लागत नाही. सभ्य खेळाची लेडी बिंग ट्रॉफी त्याने २०२१ आणि २०२४ मध्ये जिंकली, आणि डिफेन्समनच्या वाट्याला ती क्वचितच येते. असा मुलगा सापडला तर पहिल्या फेरीत जरूर घ्या. पण लक्षात घ्या, ‘भरवसा’ शोधत फिरणाऱ्यांनीच त्याला चौथ्या फेरीपर्यंत पाहिलं नाही. त्यांना उंची आणि धडका दिसत होत्या.

२०१६ चं उदाहरण इथेच उरकतो. व्हँकुव्हरने पाचव्या क्रमांकावर लंडन नाइट्सचा ओली युओलेव्ही घेतला, नीटनेटका, दोन्ही बाजूंनी खेळणारा, सगळ्यांना पटणारा. पुढच्याच क्रमांकावर कॅलगरीने मॅथ्यू काचक घेतला. मिखाईल सर्गाचोव्ह नववा गेला, चार्ली मकॅव्हॉय चौदावा. युओलेव्हीला पाठीच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यांनी गाठलं हे त्याचं दुर्दैव. पण निवडीच्या दिवशीही त्याच्यात नक्की काय विशेष आहे, हे कुणाला एका वाक्यात सांगता येत नव्हतं. प्रत्येक कौशल्यात दहापैकी सात-आठ आणि कशातच नऊ नाहीत असा मुलगा पहिल्या पाचांत घेताना मी दहा वेळा विचार करीन.

वयाची एक बारीक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १५ सप्टेंबरच्या अटीमुळे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. २०२५ मध्ये आयलंडर्सनी पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या मॅथ्यू शेफरचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा. आणखी अकरा-बारा दिवसांनी जन्मला असता तर तो २०२६ च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. त्यात आजारपण आणि कॉलरबोनची दुखापत, एरी संघाकडून ओएचएलचे फक्त १७ सामने. तरीही त्याच्याबद्दल फारसा वाद झाला नाही, कारण त्या १७ सामन्यांतही पक आणायला जाताना तो जे करत होता ते इतर कुणी करत नव्हतं. अपुरा नमुना असला तरी काय बघायचं हे ठाऊक असेल तर पुरतो.

उजव्या हाताच्या डिफेन्समनबद्दल प्रश्नात शेवटी एक ओळ होती. उजव्या बाजूने स्टिक धरणारे डिफेन्समन कमी असतात, म्हणून संघ त्यांच्यासाठी वर उडी मारतात. २०२३ मध्ये मॉन्ट्रियलने पाचव्या क्रमांकावर डेव्हिड राइनबाखर घेतला तेव्हा हाही एक विचार होता, आणि फॉरवर्ड मॅत्वेई मिच्कोव्ह सातव्यावर फिलाडेल्फियाकडे गेला. मिच्कोव्हबाबत कराराच्या आणि इतरही शंका होत्या, त्यामुळे ती तुलना सरळ नाही. पण हात बघून क्रमवारीत पाच जागा वर चढवणं मला मान्य नाही. अठरा वर्षांचा मुलगा संघात येईतो संघाची गरज बदललेली असते.

मुलगा कुठे वाढणार आहे, यावर झेपेची जोखीम पुष्कळ ठरते. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून निवडलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, पाठवता येत नसे. एनएचएलमध्ये ठेवा नाहीतर ज्युनिअरला परत पाठवा, असा नियम २०२५-२६ पर्यंत वर्षानुवर्षं होता. कच्च्या पण हुशार डिफेन्समनला याचा सगळ्यात जास्त फटका बसे. पारेख निवडीनंतर सॅगिनॉला परतला आणि २०२४-२५ मध्ये त्याने १०७ गुण केले. तिथे त्याला शिकायला फारसं उरलं नव्हतं आणि एनएचएलला अजून वेळ होता. २०२५-२६ पासून अमेरिकन विद्यापीठांनी कॅनडाच्या ज्युनिअर खेळाडूंना दार उघडलं आहे. ज्युनिअर संपलेल्या मुलाला आता बावीस-तेवीस वर्षांच्या दांडग्यांविरुद्ध खेळायची जागा मिळते. माझ्या मते याने झेपेची बाजू आणखी भक्कम झाली, कारण ताकद आणि जागा धरण्याच्या उणिवा भरायला नेमकी अशीच जागा लागते.

तेव्हा नवव्या आणि दहाव्या क्रमांकांचं काय? मी कॅलगरीच्या जागी असतो तर पारेखच घेतला असता. त्याच्या ९६ गुणांपेक्षा मला ब्लू लाइनवर (झोनच्या सीमेवरची निळी रेघ) समोरच्याला उभ्या उभ्या चकवण्याची आणि आपल्या झोनमधून मधल्या रस्त्याने निघण्याची हिंमत मोलाची वाटते. सिलायेव्हला नुसता ‘भरवशाचा’ म्हणणं त्याच्यावरही अन्याय आहे. इतक्या उंचीचा मुलगा इतकं सफाईने स्केटिंग करतो हीच त्याची झेप आहे, आणि न्यू जर्सीने त्याला त्यासाठीच घेतलं असणार. पारेखकडे बघताना पुढची दोन वर्षं गुण बघू नका. पाच विरुद्ध पाचमध्ये प्रशिक्षक त्याला किती मिनिटं देतात आणि आपल्या झोनमधल्या फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू होताना, बर्फावर ठेवतात का, ते बघा. सिलायेव्हच्या बाबतीत कोपऱ्यातून पक आणतानाची दुसरी नजर बघा. केएचएलच्या बऱ्याच रिंक एनएचएलपेक्षा रुंद असतात, तिथे फोरचेकरला जास्त अंतर तोडावं लागतं. उत्तर अमेरिकेच्या ८५ फूट रुंद रिंकवर त्याला ती दुसरी नजर टाकायला वेळ मिळतो का, हे त्याच्या पहिल्या पंधरा-वीस सामन्यांत कळेल.